लातूरचा वकील

मराठवाड्यात 17 सप्टेंबरची, मुक्तिदिनाची भाषणं रझाकारांचं नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाहीत. पण या खासगी फौजेचा म्होरक्या कुणी पेंढारी नव्हता. कासीम रझवी अलीगढला शिकलेला वकील, वकिली लातुरात. साक्ष, पुरावा, अपील यांवर ज्याचं पोट चालायचं, त्यानेच आरोप, निवाडा आणि शिक्षा आपल्या माणसांच्या हाती दिली, हे चक्रावून टाकणारं आहे.

1946च्या सुमारास मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची सूत्रं त्याच्याकडे आली; रझाकार ही त्याच पक्षाची फौज. खाकी गणवेश, भाले, तलवारी, बंदुका घेऊन रझाकार गावात शिरत आणि काँग्रेसवाला ठरेल त्याचं घर पेटवत. फिर्याद न्यायची कुणाकडे? हैदराबाद संस्थानाच्या निजामाचे पोलीस त्यांनाच सामील. इकडे संस्थानाच्या हद्दीवरच्या कॅम्पांतले, निजामाविरुद्ध उठलेले स्वातंत्र्यसैनिकही कायदा बाजूला ठेवूनच लढत होते. 30 जानेवारी 1948ला नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक त्यांनी लुटली. रझाकारांना विरोध करणारा मुसलमान असला तरी सुटका नव्हती. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट 1948मध्ये हैदराबादेत मारताना त्यांचा हातच तोडला.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात आल्या, 17ला निजाम शरण आला. रझवीला पकडलं, पण त्याचं सगळं रीतसर झालं: विशेष न्यायाधिकरण, बचावाचे वकील, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील. बीबीनगरच्या दरोड्याबद्दल सात वर्षांची सक्तमजुरी झाली. 1957मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला, 1970मध्ये कराचीत वारला.

त्याच्या गावातल्या मुसलमानांच्या वाट्याला मात्र ना खटला आला ना अपील. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती 1948च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांना फौजा आल्यानंतरच्या मुसलमानविरोधी हिंसेची सर्वांत जास्त झळ बसल्याचं तिने नोंदवलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची तिथे मोठी पेठ. समितीच्या मते तिथली कत्तल वीसहून अधिक दिवस चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले. त्यांतला रझाकार कोण आणि दुकानदार कोण, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही समितीला भेटले. काही ठिकाणी मात्र खुद्द फौजेचे आणि पोलिसांचे लोक लुटीत, हत्येत सामील होते, असंही अहवालात होतं. भारत सरकारने तो कित्येक दशकं प्रसिद्धच केला नाही.