हात निश्चल, मन जागे

पक्षाघाताने हात निश्चल झाला, तरी तो हलवण्याची इच्छा मेंदूत जागी असू शकते. अमेरिकेतील ‘ब्रेनगेट’ संशोधनाने याची प्रचिती दिली. मेंदूच्या स्तंभातील पक्षाघातामुळे एका महिलेचे हातपाय आणि वाचा सुमारे १५ वर्षे निकामी होती. तिच्या मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागात औषधाच्या लहान गोळीएवढा संवेदक बसवला गेला. २०११ मध्ये तिने हात हलवण्याचे मनात आणले. ९६ सूक्ष्म विद्युदग्रांनी टिपलेले संकेत संगणकाने उलगडले, यांत्रिक हाताने बाटली उचलली आणि इतक्या वर्षांनी प्रथमच ती स्वतःच्या इच्छेने कॉफी प्यायली.

हे तंत्र अद्याप प्रायोगिक आहे. कवटीची शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्गाचा धोका त्यात आहे. ते पक्षाघात बरा करीत नाही. खंडित वाटेला वळसा घालते. म्हणून खात्रीच्या इलाजाचे आश्वासन कोणी दिल्यास आधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा, व्यायामोपचार सोडू नका.

आणि आपले माणूस बोलू शकत नसले, तरी त्याच्यासमोर त्याच्याविषयी नव्हे, त्याच्याशी बोला. पापण्यांच्या उघडझापीने ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या खुणा ठरवा. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही. उत्तराची वाट पाहण्याचा धीर लागतो.