हाताची विद्या आणि पडद्यावरील पाठ

वैद्यकीचे शिक्षण घरबसल्या होईल काय, असे २०२० पूर्वी कोणी विचारले असते तर आपण तो प्रश्न थट्टेवारी नेला असता. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात मात्र तो खरोखरच दारी येऊन उभा राहिला. कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, वैद्यकीय महाविद्यालये बंद पडली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नव्या अभ्यासक्रमाने शिकू लागलेली पहिली तुकडी शरीररचनेचा अभ्यास अर्धा टाकून घरी परतली. पुढील पाठ तिला मोबाइलच्या पडद्यावर मिळाले. १ डिसेंबरपर्यंत महाविद्यालये उघडावीत, असे केंद्र सरकारने राज्यांस कळविले ते नोव्हेंबरच्या अखेरीस. मध्ये आठ महिने निघून गेले होते.

ह्या शिक्षणाविषयी विद्यार्थ्यांना काय वाटले असेल, ह्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, ही पिढी यंत्रावर वाढलेली, तिला हे आवडलेच असणार. दुसरा म्हणतो, सारा खेळखंडोबा झाला, मुले कच्ची राहिली. आम्हांस दोन्ही मते उतावीळपणाची वाटतात. विद्यार्थ्यांनी स्वतः काय सांगितले ते आधी पाहू.

२०२० मध्ये ब्रिटनमधील ३९ वैद्यकीय विद्यालयांतील २७२१ विद्यार्थ्यांची मते एका पाहणीत घेण्यात आली. आपल्या सवडीने शिकता येते, हा मोठा लाभ त्यांनी मान्य केला. अडचणी विचारल्या तेव्हा सुमारे २७ टक्क्यांनी घरच्या माणसांमुळे येणारा व्यत्यय सांगितला, तर सुमारे २२ टक्क्यांनी इंटरनेटची दुरवस्था. संपन्न देशातील ही स्थिती. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात त्या आपल्याकडील घरांत काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको. परंतु ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की रुग्ण तपासण्याचे प्रत्यक्ष कौशल्य ह्या मार्गाने येत नाही, असे बहुसंख्य विद्यार्थ्यांनी स्पष्ट सांगितले.

म्हणजे विद्यार्थ्यांनी नव्या साधनाचा सरसकट धिक्कारही केला नाही आणि त्याला डोक्यावरही घेतले नाही. त्यांनी निवड केली. ती योग्य का, हे थोडे उलगडून पाहू.

वैद्यकीत दोन प्रकारच्या गोष्टी शिकावयाच्या असतात. औषध शरीरात कसे कार्य करते, हृदयाच्या विद्युत आलेखातील चढउतारांचा अर्थ काय, ह्या गोष्टी पडद्यावर उत्तम शिकविता येतात. न समजलेला भाग पुन्हा ऐकता येतो. दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर ही सोय नव्हती. आता दुसरा प्रकार पाहा. डॉक्टर छातीवर एक बोट टेकवून दुसऱ्या बोटाने ठोकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खाली हवेने भरलेले फुप्फुस असेल तर पोकळ नाद येतो. पाणी साचले असेल तर तो बद्द होतो. छाती ठोकून तपासण्याची मूळ रीत व्हिएन्नाच्या औएनब्रुगर नावाच्या वैद्याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंपे ठोकून आतील मद्य अजमावताना पाहून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. हा नाद यंत्रातून ऐकविता येईल. पण ठोकणाऱ्या बोटाला जो निबरपणा जाणवतो, तो कोणत्या पडद्यावर दाखविणार? सुजलेल्या यकृताची कड बोटांनीच शोधावी लागते.

हे सत्य आपल्या परंपरेला नवे नाही. सुश्रुतसंहितेत ह्यासाठी स्वतंत्र अध्यायच आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी ह्यांवर करावा, शिर वेधण्याचा मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, पट्टी बांधण्याचा माणसाच्या पुतळ्यावर, असे तेथे सांगितले आहे. पुष्कळ शास्त्र ऐकलेला, परंतु सराव न केलेला शिष्य प्रत्यक्ष कर्माला अयोग्य होय, हा त्याचा निष्कर्ष. २०२० च्या विद्यार्थ्यांनी वेगळे काय सांगितले?

तथापि पडद्याला वैद्यकीतून घालवून देणेही शहाणपणाचे नव्हे. दूर अंतरावरून रुग्णाला सल्ला कसा द्यावा, ह्याची मार्गदर्शक तत्त्वे सरकारने मार्च २०२० मध्येच काढली. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या देखरेखीखाली अशा कामी घेण्यास मुभा देण्यात आली. तेव्हा पडद्याचा उपयोग शिकणे हाही आता वैद्यकीचा भागच आहे. भाषण पडद्यावर ऐकावे आणि वाचलेला वेळ रुग्णाच्या खाटेपाशी द्यावा, अशी वाटणी आम्हांस रास्त वाटते.

ही वाटणी यशस्वी होणे केवळ महाविद्यालयांच्या हाती नाही. महाविद्यालये उघडल्यावरही अनेक रुग्णालयांतील खाटा कोरोनाच्या रुग्णांनीच व्यापल्या होत्या. इतर रोग शिकावयास रुग्ण थोडे होते. ती उणीव पुढच्या सरावानेच भरून निघावयाची, आणि हा सराव आपल्यासारख्यांच्या देहावर होत असतो. शिकाऊ डॉक्टर संकोचाने “तपासू का?” असे विचारतो, तेव्हा नाही म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, त्याने विचारलेच पाहिजे. परंतु होकार दिलात, तर कोणत्याही पडद्याला न देता येणारा पाठ तुम्ही त्याला दिलात. त्याचा लाभ उद्या तुमच्याच शेजाऱ्याला होईल.