चित्रातले फळ

चित्रातल्या फळाचा अर्थ चित्रकाराइतकाच त्याचा समाज ठरवतो. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती म्हाळुंग आहे. भरपूर बियांचे हे फळ सुफलतेचे चिन्ह. बोत्तिचेल्लीच्या १४८७ च्या सुमाराच्या चित्रात मेरी आणि बालयेशूच्या हाती उकललेले डाळिंब दिसते. तेही बियांचेच, पण तिथे लाल दाणे क्रूसावरच्या यातना सुचवतात. डच चित्रांत लिंबू अर्धे सोललेले, साल टेबलाच्या कडेवरून लोंबणारी: दिसायला देखणे, चवीला आंबट. ऐहिक सुखाला याहून नेमका टोमणा सापडणे कठीण.

आपल्याकडे देवांच्या हाती काय असावे, हे घरोघरी पोचवले ते छापील चित्रांनी. मावळ तालुक्यात मळवलीला राजा रविवर्मा यांचा छापखाना होता. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला, पुढे तिथे हललेला.

अलीकडच्या चित्रांत कलिंगडाची चलती आहे. फ्रिडा काहलोने १९५४ मध्ये, मृत्यूच्या तोंडाशी, कापलेल्या कलिंगडावर जगण्याचा जयजयकार लिहिला. पॅलेस्टिनी चित्रकार खालेद हूरानी यांनी २००७ मध्ये त्याच फळाला देशाची खूण केले. लाल, हिरवा, पांढरा आणि काळा हे कलिंगडाचे चारही रंग पॅलेस्टिनी झेंड्यात आहेत.