स्वयंपाकघरातलं विज्ञान, भाग ७ : चॉकलेट केक मधोमध का खचतो?

मागच्या आठवड्यात आपण साधा व्हॅनिला केक पाहिला. तो भाजत आला की वरून सोनेरी दिसतो, आणि त्या रंगावर आपण नकळत विसंबून असतो. कोकोचं मिश्रण ओव्हनमध्ये जातानाच गडद तपकिरी असतं, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. मग केक एकतर कच्चा राहून मधोमध खचतो, नाहीतर ‘राहू दे अजून पाच मिनिटं’ म्हणता म्हणता कोरडा ठणठणीत होतो.

खचलेला केक लगेच टाकून देऊ नका. आधी तो मधोमध कापून नीट पाहा. कडा छान भाजलेल्या आणि आत ओलसर, गिच्च पट्टा असेल तर केक कच्चाच बाहेर आला आहे. घरगुती ओटीजीची खुंटी १८० वर असली तरी आत तेवढी उष्णता असेलच असं नाही. आत ठेवायचा छोटा तापमापक फार महाग नसतो. दर आठवड्याला केक करणाऱ्यांनी तो घ्यावाच. शिवाय घाईने दार उघडलं तरी हेच होतं. स्टार्च आणि अंड्यातली प्रथिनं घट्ट होईपर्यंत केक नुसत्या बुडबुड्यांवर उभा असतो. गार हवा आत गेली की बुडबुडे आकसतात. भाजण्याचा पाऊण वेळ उलटेपर्यंत दाराला हात लावू नका. त्यानंतर बोटाने मध्यभागी हलकेच दाबा. खळगा पुन्हा भरून आला आणि कडा भांड्यापासून सुटू लागल्या, की केक झाला.

कापलेला तुकडा नीट भाजलेला आहे, पण जाळी मोठी आणि खरबरीत, चव साबणासारखी? मग सोडा जास्त झाला. वायू इतका तयार झाला की बुडबुडे फुटून एकमेकांत मिसळले आणि फुगलेला केक खाली बसला. एक कप मैद्याला साधारण पाव चमचा खायचा सोडा पुरतो, तोही त्याला झेपेल एवढं आम्ल मिश्रणात असेल तर. आम्ल कमी पडलं की उरलेल्या सोड्याचा ओव्हनच्या उष्णतेत चक्क धुण्याचा सोडा होतो. साबणाची चव येते ती त्याचीच.

हे आम्ल कोकोतही असतं, पण प्रत्येक कोकोत सारखं नसतं. नेदरलँड्समधल्या व्हान हौटेन कुटुंबाने १८२८ मध्ये कोकोतली चरबी दाबून काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच घरातल्या कोएनराडने कोकोवर क्षाराची प्रक्रिया करायला सुरुवात केली. त्याने रंग गडद होतो, चव सौम्य होते आणि आंबटपणा जवळजवळ जातो. साध्या कोकोसाठी लिहिलेल्या, निव्वळ सोड्यावर बेतलेल्या पाककृतीत असा कोको घातला तर केक नीट फुगत नाही. पाकिटावरच्या घटकांत आम्लता-नियंत्रक म्हणून ५०० किंवा ५०१ हा आकडा दिसला तर कोको क्षार लावलेला आहे असं समजा. मग दही किंवा ताक घाला, नाहीतर सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरा. गोड ड्रिंकिंग चॉकलेट कोकोच्या जागी घालू नका. त्यातल्या जादा साखरेमुळे स्टार्च उशिरा घट्ट होतो आणि केक चिकट होऊन बसतो.

बिनअंड्याच्या केकची मला जास्त काळजी वाटते. त्याला अंड्याचा आधार नसतो, म्हणून हात सैल सोडून सोडा घातला जातो आणि केक आणखीच खचतो. दही किंवा व्हिनेगर सोड्याला भेटलं की वायू लगेच सुटायला लागतो. मिश्रण कालवून झाल्यावर ओटीजी लावला, तर तो तापेपर्यंत अर्धा जोर ओट्यावरच संपतो. आधी ओव्हन तापवा, भांड्याला तूप-मैदा लावून ठेवा, आणि ओलं-कोरडं सगळ्यात शेवटी एकत्र करा. मैदा दिसेनासा झाला की थांबा. पुढे फेटत राहिलात तर केक रबरासारखा होतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघडं राहिलेलं बेकिंग पावडरचं पाकीट दमट हवेने निकामी होतं. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फेस आला नाही तर नवं पाकीट आणा, आणि पाककृतीत बाकी काहीही न बदलता तोच केक पुन्हा करून पाहा.