रक्तातील चमचाभर साखर

बारशापासून परीक्षेच्या निकालापर्यंत घरातील प्रत्येक आनंदवार्ता काहीतरी गोड वाटून साजरी होते, आणि शुभ बोलणाऱ्याच्या तोंडात साखर पडो अशी इच्छा मराठी माणूस सहज व्यक्त करतो. परंतु तोंडात पडलेल्या साखरेचे पुढे काय होते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ७० ते १०० मिलिग्रॅम साखर आढळते. साऱ्या रक्ताचा हिशेब केला, तर ती चहाच्या एका चमच्याहून फारशी अधिक भरत नाही. ही साखर अतिशय घटली तर शुद्ध हरपते. ती सतत वाढलेली राहिली तर शरीर आतून झिजू लागते. असा हा नाजूक तोल अहोरात्र सांभाळावा लागतो.

खाल्लेली साखर लहान आतड्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन घटकांत विभागली जाते. ग्लुकोज रक्तात मिसळताच स्वादुपिंड इन्सुलिन नावाचा स्राव सोडते. त्याच्या साहाय्याने स्नायूंतील पेशी ग्लुकोज आत घेतात, तर यकृत त्याचा काही भाग पुढील गरजेसाठी साठवून ठेवते. फ्रुक्टोजचा भार बहुतांशी यकृतावरच पडतो. या कोठाराला मर्यादा आहे. ते भरल्यावरही साखर येतच राहिली, तर यकृत तिच्यापासून चरबी तयार करते. त्यातील काही चरबी रक्तात जाते आणि काही यकृतातच साचते. म्हणूनच मद्याला कधी स्पर्शही न केलेल्या माणसाचे यकृत चरबीने भरलेले आढळू शकते.

वजन वाढले, पोटाभोवती चरबी साचली, की पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करून काही वर्षे निभावून नेते. शेवटी तेही थकते आणि मधुमेह प्रकट होतो. आनुवंशिकता व बैठे जीवन यांचाही यात मोठा वाटा असतो; केवळ साखरेला दोष देणे न्याय्य नव्हे. तथापि साखरेचा अतिरेक या वाटेवरची चाल निश्चितच वेगवान करतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतातील मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी आहे.

या व्याधीचे खरे भय तिच्या मूकपणात आहे. वाढलेली साखर डोळ्यांतील, मूत्रपिंडांतील व मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा करीत राहते, आणि माणसाला त्याची वार्ताही नसते. रक्तातील हिमोग्लोबिनला साखर चिकटते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्यामुळे, त्या चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोनतीन महिन्यांचा हिशेब वैद्यांना वाचता येतो. खाणारा विसरला, तरी रक्त विसरत नाही. चरकसंहितेतही प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत मूत्राकडे मुंग्या धावत असल्याचा उल्लेख आहे. इतके हे निरीक्षण प्राचीन आहे.

मग साखर किती खावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेल्या मर्यादेनुसार, दररोज २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्याने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी; ती २५ ग्रॅमपर्यंत आणता आल्यास अधिक बरे. गूळ, मध आणि फळांचा काढलेला रस यांतील साखरही याच हिशेबात धरावी लागते. अखंड फळाची गोष्ट निराळी. त्यातील तंतूंमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते.

आता दिवसाकाठी पाच कप चहा घेणाऱ्या गृहस्थाचे उदाहरण पाहावे. प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे एकूण दहा चमचे साखर. चमच्यात चार ग्रॅम धरले, तरी चाळीस ग्रॅमची भरती निव्वळ चहानेच झाली; बिस्किटे, मिठाई व शीतपेये यांची गणना अजून व्हायचीच आहे. त्याने कपामागे एकच चमचा घेतला, तर दिवसाची वीस ग्रॅम साखर वाचेल, आणि थोड्या दिवसांत जिभेलाही त्या चवीची सवय होईल.

सणावाराच्या पुरणपोळीवर यामुळे काही गदा येत नाही. गोडाला सणाचा मान पुन्हा मिळावा आणि रोजच्या कपातून त्याने थोडे मागे सरावे, एवढीच शरीराची मागणी आहे.