ख्रिस्ती आज्ञापालन आणि ना. वा. टिळकांची राजनांदगावची वाट

‘आज्ञापालन’ या तत्सम शब्दाला मराठीत दरबाराचा आणि पलटणीचा वास आहे. आज्ञा देणारा वर, पाळणारा खाली, आणि मधे बोलण्यास जागा नाही, असे चित्र त्यातून उभे राहते. बायबलच्या मूळ भाषांतील शब्दांची जातकुळी निराळी आहे. इब्री ‘शामा’ या धातूत ऐकणे आणि मानणे असे दोन्ही अर्थ नांदतात. नव्या करारातील ग्रीक ‘हुपाकोए’ हा शब्दही ऐकण्याच्याच धातूपासून सिद्ध झाला आहे. नवल असे की, हे अर्थद्वैत मराठीच्या ‘ऐकणे’ या साध्या क्रियापदात मुळातच आहे. ‘मुलगा आईचे ऐकत नाही’ या वाक्यात कानांचा दोष कोणी काढत नाही. रोमकरांस पत्राच्या आरंभी पौल विश्वास आणि आज्ञापालन यांची सांगड घालतो, ती या अर्थाने. विश्वास म्हणजे मतास रुकार नव्हे, ऐकलेल्या शब्दाप्रमाणे चालू लागणे होय.

हा भेद तपासण्यास रायपूरचा परिसर विशेष उपयोगी आहे, कारण आज्ञापालनाची दोन रूपे तेथे अवघ्या पंचवीस वर्षांच्या अंतराने दिसतात. 1868 मध्ये जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर रायपुरास आले आणि तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यात त्यांनी विश्रामपूर हे मिशनचे गाव वसविले. निराकार ईश्वर मानणारा सतनामी समाज ख्रिस्ताचे लवकर ऐकेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती फारशी फळास आली नाही. शिवाय गावाची मालगुजारी मिशनकडे असल्याने उपदेशक, धनी आणि जमीनमालक ही तिन्ही नाती एकाच व्यक्तीत एकवटली. अशा ठिकाणी ख्रिस्ताची आज्ञा कोठे संपते आणि मालगुजाराचा हुकूम कोठे सुरू होतो, हे सांगणे कुळाला कठीणच होते.

दुसरे रूप रायपूरच्या पश्चिमेस, नागपूरच्या लोहमार्गावरील राजनांदगावाशी निगडित आहे. हे संस्थान बैरागी महंतांचे. तेथील गादी पूर्वी गुरूकडून चेल्याकडे जात असे; राज्य आणि शिष्यत्व यांचा असा मेळ क्वचितच आढळतो. 1893 मध्ये गादीवर राजे बलरामदास होते. त्यांच्याच देणगीतून त्याआधीच्या वर्षी रायपूरची पाणीपुरवठा योजना पुरी झाली होती. त्या वर्षी नोकरीच्या निमित्ताने राजनांदगावाकडे निघालेल्या नारायण वामन टिळकांना (1861–1919) आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी भेटले. त्यांनी नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते मानले नाही. वाचण्याचे वचन मात्र पाळले. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनाशी थबकले. त्या प्रवचनाचा शेवट खडकावर बांधलेल्या घराच्या दृष्टांताने होतो: ऐकतो आणि त्याप्रमाणे करतो, तो शहाणा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे धनी नव्हता, कूळ नव्हते. गुरूचा शब्द आणि तो ऐकणारा शिष्य एवढेच होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही टिळकांची भूमिका या नात्यातूनच समजते.

त्यांच्या या ऐकण्याची किंमत मात्र दुसऱ्या व्यक्तीने मोजली. पतिव्रताधर्माप्रमाणे लक्ष्मीबाईंनी पतीमागोमाग जावयाचे, तर जातिधर्माप्रमाणे त्यांनी दूर राहावयाचे. दोन आज्ञा परस्परविरुद्ध उभ्या ठाकल्या. लक्ष्मीबाईंनी दोहोंपैकी एकीचीही घाई केली नाही. ‘स्मृतिचित्रे’त (1934–36) त्या वर्षांची हकीकत आहे. जातिभेद मनुष्यकृत आहे, हे त्यांच्या मनाने आधी घेतले आणि त्यानंतरच, 1900 मध्ये, त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीचे ऐकून त्या ख्रिस्ती झाल्या, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. आज्ञापालनाच्या विवेचनात हे पुस्तक क्वचितच घेतले जाते. वस्तुतः मराठीत या प्रश्नाची इतकी प्रांजळ आणि शिवाय इतकी हसरी साक्ष दुसरी नाही.

टिळकांपुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, तो अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. मिशनचा पगार घेणारा देशी ख्रिस्ती कोणाचे ऐकतो, ख्रिस्ताचे की पगार देणाऱ्याचे? विश्रामपूरच्या कुळाला जो पेच सोडविता आला नसता, तो टिळकांनी 1917 मध्ये आपल्यापुरता सोडविला. मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. दरबार हा हुकमाचाच शब्द त्यांनी निवडला, पण त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही जागा ठेवली. चर्चच्या शिस्तीच्या दृष्टीने ही गोष्ट अवघडच होती, कारण बाप्तिस्मा ही स्वतः ख्रिस्ताचीच आज्ञा मानली जाते. टिळकांनी या आक्षेपाची तड लावली असे म्हणता येत नाही. दोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी, ते निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले होते. त्याचा उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला.