टचचा मोबाईल घेतला, जुनं रिचार्ज चालंल का?

पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावर करकंब लागतं. सगळा ऊसपट्टा, त्यामुळे कारखान्याचं बिल खात्यावर जमा झालं की मोबाईलच्या दुकानांतही माणसं दिसू लागतात. गिऱ्हाईक हँडसेट उलटासुलटा करून बघतं, कव्हर आणि काच फुकट मागून घेतं आणि पैसे काढता काढता विचारतं, "परवाच रिचार्ज मारलंय, ते ह्यात चालंल ना?" दुकानदार मान वर न करता म्हणतो, "चालतंय की." बहुतेक वेळा ते खरंच चालतं. जिथे चालत नाही, तिथे मात्र खिशाला चांगलीच झळ बसते.

आपल्याकडे पॅक बसतो तो नंबरावर. फोन आपण रोखीनं किंवा हप्त्यावर वेगळा घेतो आणि त्यात सिम कुठल्याही कंपनीचं टाकतो. सिम खराब झालं, किंवा थ्रीजीचं होतं म्हणून फोरजीचं बदलून घेतलं, तरी नंबर तोच राहतो आणि पॅकही तोच. बदललेल्या सिमवर सुरुवातीचे चोवीस तास एसएमएस बंद असतात, म्हणून बँकेचं काम असेल त्या दिवशी सिम बदलू नये, एवढंच पथ्य. अमेरिकेत पूर्वी असं नव्हतं. तिथे कंपनीच फोन स्वस्तात द्यायची आणि बदल्यात करारात बांधून घ्यायची. व्हेरायझन कंपनीनं २०११ साली नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटाचा प्लॅन बंद केला. जून २०१२ पासून तर जुन्या ग्राहकांनाही सांगितलं की सवलतीतला फोन घेतलात तर जुना प्लॅन गेला. तो टिकवायचा असेल तर फोन पूर्ण किमतीला घ्या. मुलगा-सून तिकडे असलेल्या घरांत हा हिशेब कानावर आला असेल.

आपणही त्या वाटेनं थोडे जाऊन आलोय. २००३ साली रिलायन्सच्या 'मॉन्सून हंगामा'त ५०१ रुपयांत फोन हातात मिळत होता. तो सीडीएमए. नंबर संचातच बसवलेला, सिम काढून दुसऱ्यात टाकायची सोयच नाही. संच बदलायचा तर कंपनीच्या दारात जावं लागे.

आज तशी गाठ उरलीय ती जिओच्या बटणाच्या फोनांत. जिओभारत हा संच जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला. त्याचं १२३ रुपयांचं रिचार्ज २८ दिवस चालतं, कॉल फुकट आणि रोज अर्धा जीबी नेट. जिओफोनचे पॅकही असेच स्वस्त. पण हे दर त्या त्या संचापुरतेच आहेत. पोरगा पुण्याहून येतो, वडिलांना टचचा मोबाईल देतो, जुन्यातलं सिम नव्यात घालतो आणि नेट काही लागत नाही. रेंज नाही म्हणून म्हातारा गच्चीवर जातो, पोरगा सेटिंग चाळत बसतो. दोष रेंजचा नसतो. स्मार्टफोनसाठी वेगळं रिचार्ज लागतं, आणि जुलै २०२४ च्या दरांत रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांचा झाला. १२३ चे २९९. भेट दिलेल्या फोनाचा हा महिन्याचा खर्च कुणाच्या नावावर पडणार, हे आधी ठरवलेलं बरं.

फाइव्हजीची गोष्ट जरा वेगळी. इथे फोन चांगला घेतला म्हणून पॅक बंद पडत नाही, फक्त फाइव्हजीचं फुकट नेट मिळत नाही. ३ जुलै २०२४ पूर्वी जिओच्या २३९ रुपयांच्या, रोज दीड जीबीच्या पॅकवरही फाइव्हजी अमर्याद वापरता यायचं. त्या दिवसापासून तोच पॅक २९९ चा झाला आणि अमर्याद फाइव्हजी रोज दोन जीबी व त्यावरच्या पॅकांनाच उरलं. तिथली सुरुवात तेव्हा ३४९ पासून होती. फोरजी फोन असलेल्याला यात गमावण्यासारखं काही नव्हतं. पण नवा फोन घेऊन तोच स्वस्त पॅक चालू ठेवणाऱ्याचं दीड जीबी दुपारीच संपतं. मग वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचा मजकूर कसाबसा जातो, भजनाचा व्हिडिओ मात्र रात्री बारा वाजेपर्यंत गोल गोल फिरतो.

दरवाढीची घोषणा २७ जूनला झाली होती, अंमल ३ जुलैपासून. मधल्या दिवसांत ज्यांनी जुन्या दरानं एकापाठोपाठ रिचार्जं मारून रांगेत लावली, ते खरे शहाणे. प्रीपेडवाल्याला जुना दर राखायचा तर दर वाढायच्या आत पुढची मुदत विकत घेणं, एवढाच हुकमी मार्ग मला दिसतो. एकदा पॅक संपला की पुढचं रिचार्ज नव्या भावानंच. आणि स्वस्ताईच्या मोहात नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला, तर उरलेला पॅक आणि शिल्लक दोन्ही मागेच राहतात, हे दुकानदार सांगेलच असं नाही.

'लाइफटाइम' कार्डवाल्यांना हे सगळं ऐकून हसू येईल. डिसेंबर २००५ मध्ये एअरटेलनं ९९९ रुपयांत आयुष्यभर इनकमिंग दिलं. दूरसंचार नियामक ट्रायनं २००६ साली बंधन घातलं की अशा प्लॅनचा दर मधेच वाढवता येणार नाही. आयुष्यभर म्हणजे कंपनीच्या परवान्याची मुदत असेपर्यंत, ही मेख बारीक अक्षरात. मग २०१८ च्या अखेरीस नवी तऱ्हा निघाली: दर राहू दे, पण सिम चालू ठेवायला महिन्याला किमान ३५ रुपयांचं रिचार्ज हवं. पुरेशी शिल्लक असलेल्यांची सेवा तोडू नका, असं ट्रायनं त्या नोव्हेंबरात कंपन्यांना सुनावलं. तरी किमान रिचार्जची पद्धत रुजलीच. एअरटेलचे ते ३५ पुढे ७९, ९९, १५५ करत जुलै २०२४ मध्ये १९९ वर गेले.

याचा सगळ्यात विचित्र फटका विहिरीवर बसला. मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये एक सिम असतं. रात्री लाइट आली की घरून फोन लावायचा, मोटार सुरू. त्या पेटीला ना नेट लागतं, ना व्हिडिओ. पडून असलेलं लाइफटाइमचं सिम तिथे घालणं सोयीचं होतं. खात्यात वीस रुपये शिल्लक असले तर वापर नसला तरी नंबर कापला जाऊ नये असा ट्रायचा नियम आहे, पण नंबर राहणं वेगळं आणि त्यावर कॉल लागणं वेगळं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नेट नसलेले, फक्त कॉल-एसएमएसचे पॅक सक्तीचे केले आणि जानेवारीत ते आले: जिओचा ८४ दिवसांना ४४८ रुपये, एअरटेलचा ४६९. वर्षाचा हिशेब मांडणाऱ्यासाठी एअरटेलचा १८४९ रुपयांत ३६५ दिवस, जिओचा १७४८ रुपयांत ३३६ दिवस. स्टार्टरसाठी घेताना हे २९ दिवसांचं अंतर बघून घ्यावं. मुदत ऐन उन्हाळ्यात पाळीच्या रात्री संपली, तर बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत चालत जावं लागतं.